तापलेला पत्रा आणि जबाबदारीचा हिशेब

मार्च संपत आला की वस्तीत एकच विषय निघतो, तो उन्हाचा. नळावर, रिक्षा थांब्यावर, रविवारी विहारातून बाहेर पडताना, सगळीकडे तेच बोलणे. पण सगळ्यांचे म्हणणे एकसारखे नसते. कुणी म्हणते, "उन्हाळा काय आजचा आहे का? आमच्या आईबापांनी यापेक्षा जास्त सोसलंय." कुणी म्हणते, "हे गाडी-बंगलेवाल्यांनी केलं, आम्ही काय केलं?" शाळेतून आलेली मुलगी सांगते, "बाईंनी सांगितलंय, झाडं लावा, प्लास्टिक सोडा, वीज वाचवा." आणि म्हातारे आजोबा म्हणतात, "आपल्या हातात काय आहे, बाळा?"

हवामान बदलाविषयी जगभर लोक जे बोलतात, ते थोड्याफार फरकाने हेच चार प्रकारचे बोलणे आहे. आरोग्याच्या पानावर त्याचा विचार करायचे कारण असे की, माणूस कोणत्या बाजूने विचार करतो त्यावर तो उन्हात काय करतो हे ठरते. 'नेहमीचेच आहे' म्हणणारा भर दुपारी डोक्यावर काही न घेता कामाला जातो. 'आपल्या हातात काय' म्हणणारा घरातली आजारी आई पत्र्याखाली तळमळत असतानाही गप्प राहतो. म्हणून या चारही बोलण्यांचा एकेक करून हिशेब करू.

शरीर उन्हाशी कसे झगडते?

आधी आजार समजून घेऊ. आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. बाहेर गरम झाले की शरीर दोन गोष्टी करते. कातडीकडे जास्त रक्त पाठवते आणि घाम काढते. घाम वाळला की अंग थंड होते. पण त्यासाठी अंगात पुरेसे पाणी हवे, हवा खेळती हवी आणि हवेत ओल कमी हवी. मुंबई, ठाणे, रायगडच्या दमट हवेत घाम नुसता वाहतो, वाळत नाही. म्हणून तिथे ३६-३७ अंशांतही जीव कासावीस होतो. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले हे कळतही नाही. भारतीय हवामान विभागही म्हणूनच किनाऱ्यासाठी ३७ आणि सपाट प्रदेशासाठी ४० अंश अशी वेगवेगळी किमान मर्यादा धरून, नेहमीपेक्षा तापमान किती चढले ते पाहून उष्णतेची लाट जाहीर करतो.

हवामान विभागाचा आकडा सावलीतल्या, मोकळ्या हवेतल्या मापकाचा असतो. आपल्या घरातला आकडा तो नसतो. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, एकच दार, खिडकी शेजारच्या भिंतीला टेकलेली, आत गॅस पेटलेला. अशा खोलीत दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही जास्त गरम होते. रात्री अंगाला विसावा मिळायला हवा, पण दाटीवाटीच्या भिंती दिवसभराची धग सोडत राहतात आणि चोर-डासांच्या भीतीने दार बंद असते. सलग चार-पाच रात्री असा विसावा मिळाला नाही की हृदयावर, मूत्रपिंडावर ताण साठत जातो. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार आहे, ज्या बाया गरोदर आहेत, जी मुले लहान आहेत आणि जी माणसे म्हातारी होऊन एकटी राहतात, त्यांना धोका सर्वांत जास्त असतो.

बायांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मोठ्याने बोलली जात नाही. सार्वजनिक संडास लांब असतो, घाण असतो, तिथे रांग असते, रात्री जायला भीती वाटते. म्हणून कित्येक बाया आणि मुली दिवसभर मुद्दाम कमी पाणी पितात. हिवाळ्यात हे कसेबसे निभते. एप्रिल-मेमध्ये त्यातूनच लघवीची जळजळ, चक्कर, मूतखडा आणि मूत्रपिंडाचे दुखणे सुरू होते. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला बरोबरच आहे, पण संडास नीट असल्याशिवाय तो अर्ध्या वस्तीला लागू पडत नाही.

"उन्हाळा काय आजचा आहे का?"

उन्हाळा आजचा नाही हे खरे. पण आजचा उन्हाळा कालचा नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो आणि शेकडो वर्षे तिथे राहतो. पृथ्वीवर गोधडी घातल्यासारखे होते. उष्णता बाहेर जायची ती अडकते. गोधडीवर गोधडी चढत गेली आणि धग वाढत गेली. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. जगाच्या पातळीवर २०२४ हे साल नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत गरम ठरले. त्या वर्षाची सरासरी कारखानदारी सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होती.

दीड अंश म्हणजे फार नाही असे वाटेल. पण शरीराचेच उदाहरण घ्या. ३७ चा ताप ३८.५ झाला तर आपण मुलाला घेऊन दवाखाना गाठतो. सरासरी थोडी चढली की टोकाचे दिवस खूप वाढतात.

त्या टोकाच्या दिवसांची किंमत किती असते, हे मे २०१० मध्ये अहमदाबादने पाहिले. पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर 'उष्माघात' लिहिलेले नव्हते. हृदय बंद पडले, श्वास थांबला अशीच नोंद होती. नेहमीच्या मे महिन्याशी तुलना केल्यावरच ऊन किती जणांना घेऊन गेले ते कळले. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर सरकारी सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. सोसण्याची सवय आहे, हा भरवसा अंगाला पुरत नाही.

"आम्ही काय केलं?"

हा प्रश्न रागाचा आहे आणि त्यात खरेपणा मोठा आहे. त्याचा हिशेब घरच्या घरी मांडता येतो.

आपल्या देशात बरीचशी वीज अजून दगडी कोळशावर तयार होते. त्यामुळे एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घरगुती गॅसचे १४.२ किलोचे एक सिलिंडर जळून संपते, तेव्हा सुमारे ४२ किलो जातो. आता पाच माणसांचे एक घर धरू. पंखे, दिवे, टीव्ही मिळून महिन्याला ६० युनिट आणि वर्षाला ८ सिलिंडर.

वर्षाची वीज ७२० युनिट, म्हणजे सुमारे ५०४ किलो. गॅसचे ३३६ किलो. दोन्ही मिळून ८४० किलो. पाच माणसांत वाटले तर माणशी १६८ किलो.

आता एका सधन घरातला दीड टनी एसी घ्या. तासाला सव्वा युनिट, रोज ८ तास, उन्हाळ्याचे ४ महिने. झाले १,२०० युनिट. म्हणजे ८४० किलो. आपल्या घराची वर्षभराची वीज आणि वर्षभराचा स्वयंपाक एका बाजूला, आणि त्यांच्या एका खोलीचा चार महिन्यांचा गारवा दुसऱ्या बाजूला. तराजू सारखाच राहतो. शिवाय एसी आतली उष्णता बाहेर फेकतो, ती जाते गल्लीत. त्यांची मोटार आणि विमानप्रवास यात धरलेला नाही.

देशादेशांतही हेच आहे. आज सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड पडतो. अमेरिकन माणसामागे सुमारे १४ टन. कारखानदारी सुरू झाल्यापासून हवेत साठलेल्या एकूण वायूपैकी जवळपास चौथाई एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा ३ ते ४ टक्के. ऑक्सफॅम या संस्थेने १९९० ते २०१५ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा जगातल्या वरच्या १० टक्के श्रीमंतांच्या वाट्याला निम्म्याहून अधिक वायू आला आणि खालच्या ५० टक्के गरिबांच्या वाट्याला फक्त ७ टक्के.

हा भेद आपल्या देशातल्या अभ्यासकांनी फार आधी मांडला होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये विचारले की, गरिबाच्या पोटासाठी निघणारा धूर आणि श्रीमंताच्या चैनीसाठी निघणारा धूर एकाच मापाने कसा मोजता? १९९२ मध्ये रिओ येथे जगातल्या देशांनी हवामानाचा करार केला. त्यातही तत्त्व हेच आले की जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही. ज्याने जास्त केले आणि ज्याच्याकडे जास्त आहे, त्याने आधी आणि जास्त करायचे.

तेव्हा "आम्ही काय केलं?" याचे उत्तर 'फारच थोडे' असे आहे. पण या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. दोष आपला नाही म्हणून ऊन आपल्याला सोडत नाही, उलट आधी आपल्यालाच गाठते. नाक्यावरचा बांधकाम कामगार, सफाई कामगार, शेतमजूर, हातगाडीवाला यांचे काम उघड्यावरचे. देशातल्या कामाच्या तासांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी दाखवले आहे की, उष्णतेच्या लाटेत उघड्यावर राबण्याचे तास जातीप्रमाणे विषम वाटले गेले आहेत आणि दलित-आदिवासी कामगारांच्या वाट्याला ते जास्त येतात. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते हे आपल्याकडे कसे ठरत आले, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.

"प्रत्येकाने आपापले बदलावे"

शाळेत, टीव्हीवर, फलकांवर हाच संदेश असतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी पर्यावरणपूरक जीवनशैलीची कल्पना मांडली आणि २०२२ मध्ये तिची मोहीम सुरू झाली. वीज वाचवा, पाणी वाचवा, कापडी पिशवी वापरा. यात चुकीचे काहीच नाही. पण हा संदेश मूळ कुणी लोकप्रिय केला हेही माहीत असावे. माणसाने आपला 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे आपल्यामुळे हवेत गेलेला वायू, मोजावा हा शब्दप्रयोग घरोघरी नेला तो बीपी या तेल कंपनीने. २००४ च्या सुमारास तिने जाहिराती केल्या आणि प्रत्येकाला आपला हिशेब करायला लावला. तेल उपसणारी कंपनी स्वतःचा हिशेब बाजूला ठेवून गिऱ्हाइकाला विचारू लागली की, तुझा वाटा किती?

काटकसर शिकवायचीच असेल तर ती वस्तीत शिकवण्याची गरज नाही. आपल्या घरात जुन्या लुगड्याची गोधडी होते, मोठ्याचा सदरा धाकटा घालतो, बसने किंवा पायी जातो, रद्दी-भंगार विकतो. याला कुणी पर्यावरणपूरक जीवनशैली म्हणत नाही, गरिबी म्हणतात.

कचरावेचक बायांचे उदाहरण घ्या. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित समाजातल्या बाया. २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करते. या बाया जो कागद, धातू, प्लास्टिक निवडून परत कारखान्यात पाठवतात, त्यामुळे तितका नवा माल बनवावा लागत नाही. एकट्या ॲल्युमिनियमचे पाहिले तरी भंगारापासून ते बनवायला नव्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के वीज कमी लागते. ज्यांच्या कामाने शहराचा धूर कमी होतो, त्याच बायांना भर उन्हात पाणी आणि सावली मिळत नाही. त्यांना आणखी एक शपथ घ्यायला लावण्याआधी त्यांच्या कामाचा मोबदला आणि त्यांचे आरोग्य यांचा विचार झाला पाहिजे.

तरीही आपल्या अंगणात एक गोष्ट बदलण्यासारखी आहे. ती जगासाठी नाही, आपल्या पोरांच्या छातीसाठी. संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यात प्लास्टिक, रबर, वायर जाळली जाते. त्या धुराने दमा वाढतो, डोळे चुरचुरतात आणि त्यातले विषारी कण फुप्फुसात खोल जातात. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा धूर शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडीच्या घरांनी त्या दिवसांत जे भोगले, तेच लहान प्रमाणात आपण रोज संध्याकाळी गल्लीत करत असू तर ते थांबवावे. कचरा उचलला जात नाही म्हणून तो जाळावा लागतो, हेही खरे. तेव्हा जाळणे बंद करणे आणि गाडी रोज येण्यासाठी अर्ज करणे, ही दोन्ही कामे बरोबर चालली पाहिजेत.

"आपल्या हातात काय आहे?"

या विषयावर लोकांची मते तपासणारे सर्वेक्षण अमेरिकेच्या येल विद्यापीठाने सीव्होटर या संस्थेबरोबर भारतात केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात दिसले की निम्म्याहून अधिक लोकांनी 'ग्लोबल वॉर्मिंग' हा शब्द एकतर ऐकलाच नव्हता किंवा त्याविषयी त्यांना अगदी थोडे माहीत होते. पण त्याचा अर्थ दोन वाक्यांत समजावून सांगताच ८४ टक्के लोक म्हणाले, हो, हे घडते आहे. अमेरिकेत उलट चित्र आहे. शब्द बहुतेकांना माहीत, पण लोक काळजीने बेजार झालेल्यांपासून साफ नाकारणाऱ्यांपर्यंत सहा गटांत वाटले गेले आहेत. आपल्याकडे नाकारणारे कमी आहेत. अंगाला लागलेले ऊन नाकारणार कसे? आपली अडचण आहे ती 'पण करणार काय' ही.

आपल्या समाजाने जन्माने आलेले हाल नशीब म्हणून गिळायचे नाकारले. उन्हाचे हालही नशीब नाहीत. त्यांना कारण आहे आणि उपाय आहे.

स्वित्झर्लंड हा थंड आणि श्रीमंत देश. तिथल्या ६४ वर्षांवरील दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या बाया एकत्र आल्या आणि सरकारवर खटला भरला. उष्णतेच्या लाटेत आमच्या वयाच्या बाया जास्त मरतात, आणि सरकार हवामान बदल रोखण्यासाठी पुरेसे करत नाही, हे त्यांचे म्हणणे. ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २१ मार्च २०२४ च्या एका निकालात म्हटले आहे की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा संविधानाच्या कलम १४ आणि कलम २१ मधून येणारा हक्क आहे. खटला माळढोक पक्ष्याचा आणि विजेच्या तारांचा होता, पण हा हक्क माणसांना मिळाला. कलम १४ समानतेचे आणि कलम २१ जगण्याचे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले होते की, वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. कामाच्या जागी पिण्याचे पाणी ठेवणे ही मालकाची आणि कंत्राटदाराची कायद्याने आलेली जबाबदारी आहे. मुकादमाने पाणी दिले म्हणजे उपकार केले असे नाही.

अहमदाबादने २०१० च्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा देणे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, बागा दुपारीही उघड्या ठेवणे असे त्याचे स्वरूप. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांतल्या बायांना बरोबर घेऊन घरांची छपरे पांढरी रंगवली. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले. मुंबईनेही मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. पण दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये १८ राज्यांतले असे ३७ आराखडे वाचून काढले, तेव्हा आढळले की पैसा कुठून येणार हे फक्त ३ आराखड्यांत सांगितले होते आणि सर्वांत जास्त धोका कोणाला आहे हे शोधण्यात जवळजवळ सगळेच कमी पडले होते. म्हणजे आराखडा आहे, पण त्यात आपली गल्ली नाही. ती घालून घेणे आपल्या हातात आहे.

घरात, गल्लीत आणि कार्यालयात

जबाबदारीचे तीन वाटे करू. पहिला दोषाचा. तो आपण आपल्या डोक्यावर घ्यायचा नाही. दुसरा काळजीचा. तो आपला आहे, स्वतःसाठी आणि शेजाऱ्यासाठी. तिसरा जाब विचारण्याचा. तोही आपलाच आहे.

घरात

• दुपारी १२ ते ३ या वेळात शक्यतो जड काम आणि मोठा स्वयंपाक टाळावा. सकाळीच उरकावा.

• तहान लागण्याची वाट न बघता थोडे थोडे पाणी, ताक, पन्हे, लिंबू-सरबत घ्यावे. दारूने अंगातले पाणी आणखी कमी होते.

• जलसंजीवनी घरी करता येते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा रोगी असेल तर डॉक्टरांना विचारून द्यावे.

• रक्तदाबाच्या, लघवी जास्त होण्याच्या आणि मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनी उन्हाचा त्रास वाढतो. गोळ्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा डॉक्टरांना दाखवावे.

• हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसावे, मग पंखा लावावा. कूलर कोरड्या हवेत चालतो, कोकणपट्टीच्या दमट हवेत नाही.

• स्लॅब असेल तर वर चुन्याची सफेदी द्यावी. लोखंडी पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग लागतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो फुटून माणूस खाली येतो. जुना सिमेंटचा पत्रा खरवडूही नये, त्याची धूळ छातीला घातक असते. पत्र्याखाली थर्माकोल लावू नये, आग लागली तर तो क्षणात पेटतो.

गल्लीत

• एकटे राहणारे म्हातारे, गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले रोगी यांची यादी करावी. लाटेच्या दिवसांत दुपारी आणि रात्री त्यांच्या दारात कुणीतरी डोकवावे. पोरांना हे काम छान जमते.

• विहार किंवा समाजमंदिर घरांपेक्षा थंड असेल तर दुपारी ते उघडे ठेवावे. तिथे पाणी आणि चटई असावी. दुपारच्या वेळी विहार उघडा ठेवल्याने एखाद्या आजीचा जीव वाचू शकतो.

• जयंती एप्रिलमध्ये आणि बुद्धपौर्णिमा बहुधा मेमध्ये येते. मिरवणूक ऊन उतरल्यावर काढावी. रांगेत पाणपोई, जलसंजीवनीची पाकिटे आणि एक प्रथमोपचाराचे पथक असावे. लेझीम-ढोल पथकातल्या मुलांना मध्ये मध्ये सावलीत बसवावे.

कार्यालयात

• प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मागण्या साध्या आहेत. उन्हाळ्यात पाण्याची वेळ आणि दाब वाढवा, सार्वजनिक संडास दुरुस्त करा आणि तिथे रात्री दिवे लावा, दवाखान्यात उष्माघातासाठी खाटा ठेवा, कचऱ्याची गाडी रोज पाठवा.

• माहितीच्या अधिकाराखाली विचारावे की आपल्या शहराचा उष्णता कृती आराखडा आहे का, त्यात आपली वस्ती आहे का आणि यंदा त्यासाठी किती पैसा ठेवला आहे.

• उन्हात काम करताना किंवा घरातल्या उकाड्याने कुणी दगावले तर तो कुठे होता, किती वेळ होता, अंग किती तापले होते हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्यायला लावावे. नोंद झाली नाही तर सरकारच्या लेखी तो मृत्यू उन्हाचा ठरत नाही, आणि पुढच्या वर्षीही आराखड्यात आपल्याला जागा मिळत नाही.

उष्माघात ओळखा, वेळ घालवू नका

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम ही पहिली सूचना. माणसाला लगेच सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, पाणी किंवा जलसंजीवनी घोट घोट द्यावी आणि काम बंद करावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखे तापले असेल तर तो उष्माघात आहे. घाम असो वा नसो, जीव धोक्यात आहे. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता लगेच अंग थंड करायला लागावे. अंगावर पाणी ओतावे, ओली चादर टाकावी, वारा घालावा, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवावे. गल्लीत रुग्णवाहिका शिरत नसेल तर माणसाला उचलून रस्त्यावर न्यावे, पण नेतानाही अंग ओले ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी इथे काम करत नाही, ती देण्यात वेळ घालवू नये.

उन्हाळा सुरू होण्याआधी या पानाची एक झेरॉक्स विहाराच्या आणि बालवाडीच्या दारावर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रविवारी वाचून दाखवा. आणि प्रभाग कार्यालयाचा अर्ज मात्र त्याच आठवड्यात लिहा, कारण मे महिना उजाडल्यावर कार्यालयातला साहेबही 'यंदा फार उशीर झाला' असेच सांगतो.